स्त्रीत्वविचार : देहधर्म, देशाचार आणि अधिकार

संस्कृत भाषेत पत्नी या एकाच अर्थाचे तीन शब्द प्रसिद्ध आहेत. 'भार्या' हा शब्द स्त्रीलिंगी, 'दार' हा पुल्लिंगी, आणि तोही नेहमी बहुवचनी, व 'कलत्र' हा नपुंसकलिंगी. व्यक्ती एकच, पण तिला दाखविणारे शब्द तीन लिंगांचे. आपल्या मराठीतही काया ती, देह तो आणि शरीर ते. पोथी, ग्रंथ आणि पुस्तक यांची तीच कथा. महाभाष्यकार पतंजलींनी या अडचणीचा विचार फार पूर्वी केला आहे. लोकव्यवहारातील स्त्रीपुरुषांची लक्षणे धरून शब्दांचे लिंग ठरवू गेल्यास खट्वा, म्हणजे खाट, स्त्रीलिंगी का आणि वृक्ष पुल्लिंगी का, याचे उत्तर मिळत नाही. कारण खाटेला वा वृक्षाला ती लक्षणेच नाहीत. आपण सूर्याला पुरुष मानतो, जर्मन भाषेत तो स्त्रीलिंगी आहे. आणि चंद्र तेथे आपल्यासारखाच पुल्लिंगी आहे. यावरून व्याकरणातील लिंग वस्तूत नसून बोलणाऱ्यांच्या संकेतात असते, हे मान्य करावयास कोणासही अडचण पडत नाही.

प्रस्तुत लेखात याच्या पुढचा प्रश्न घ्यावयाचा आहे. मनुष्यदेहाच्या ठिकाणी स्त्रीपुरुषभेद प्रत्यक्ष आहे. तो केवळ संकेत नव्हे. परंतु त्या भेदाला चिकटवून आपण जे 'स्त्रीत्व' म्हणतो, म्हणजे स्त्रीचा स्वभाव, तिची लज्जा, तिचे स्थान, तिची योग्यता, तिची शुद्धी वा अशुद्धी, त्यातील किती भाग देहाचा आणि किती देशाचाराचा? आणि जो भाग देशाचाराचा ठरेल त्याच्या आधारे परमार्थातील अधिकार ठरविता येईल काय? ज्या मार्गात स्त्रियांनी आरंभापासून अनुसरण केले, त्या मार्गाच्या अनुयायांना हा प्रश्न परका नाही. म्हणून तो नीट क्रमाने पाहू.

पूर्वपक्ष

लोकांत सामान्यतः असे म्हटले जाते की, स्त्रीस्वभाव हा सर्वत्र एकच आहे. ती लाजाळू, म्हणून झाकलेली असावी. ती घरातील, म्हणून पित्याच्या, पतीच्या वा पुत्राच्या घरची असावी. तिची बुद्धी कोवळी, म्हणून गहन शास्त्राचा भार तिच्यावर घालू नये. आणि तिचा देह मासिक अशौचाने युक्त, म्हणून देवधर्मात तिने अंतर राखावे. हे सर्व निसर्गानेच ठरविले आहे, असा या पक्षाचा अभिप्राय असतो.

या पक्षाची परीक्षा करण्याचा मार्ग सोपा आहे. जे निसर्गाने ठरविले ते सर्व देशांत सारखे आढळले पाहिजे. अग्नी येथे उष्ण आणि अन्यत्र शीतल असे होत नाही. तेव्हा लज्जा, घर, बुद्धी आणि शुद्धी या चारही गोष्टी अन्य देशांत व अन्य परंपरांत कशा आढळतात, ते पाहावे.

लज्जा, घर आणि बुद्धी

प्रथम लज्जा. आफ्रिकेतील सहारा वाळवंटात, नायजर, माली व अल्जीरिया या देशांत, तुआरेग नावाचे लोक राहतात. ते इस्लामचे अनुयायी आहेत. त्यांच्यात चेहरा झाकतो तो पुरुष. वयात आलेला पुरुष लांब वस्त्राने डोके आणि तोंड गुंडाळून घेतो. वडीलधाऱ्यांसमोर, आणि विशेषेकरून सासुरवाडीच्या मंडळींसमोर, तोंड उघडे टाकणे त्याला लज्जास्पद वाटते. स्त्रिया मात्र मुख उघडे ठेवून वावरतात. विवाहसमयी तंबू येतो तो वधूकडून, आणि तो तिचाच राहतो. उत्तर भारतात अनेक ठिकाणी सून सासऱ्यासमोर घुंगट घेते, आपल्याकडे डोक्यावरून पदर घेण्याची रीत होती. भावना एकच, सासरच्या वडिलांचा आदर; पण वस्त्र एका देशात सुनेच्या मुखावर आले आणि दुसऱ्यात जावयाच्या. मग लज्जा हे स्त्रीचेच भूषण कसे म्हणावे?

दुसरे घर. मेघालयातील खासी लोकांत कुळ आईकडून चालते. अपत्ये आईच्या कुळाची गणली जातात. वडिलोपार्जित घर आणि त्या घरातील कुलधर्म सांभाळण्याचा अधिकार सर्वांत धाकट्या कन्येकडे जातो. इंडोनेशियातील पश्चिम सुमात्रामध्ये मिनांगकाबाऊ नावाचा मोठा समाज आहे. हे लोकही इस्लामचे अनुयायी. परंतु वाडवडिलांचे घर आणि शेत यांचा वारसा आईकडून मुलीकडे येतो, आणि तरुण पुरुष उपजीविकेसाठी परदेशी जाऊन येतात. 'मुलगी परक्याचे धन' हे आपल्याकडील बोलणे त्या लोकांना समजावून सांगणेही कठीण जाईल. तरीही येथे एक सावधगिरी हवी. खासी समाजात घर कन्येचे असले, तरी गावाच्या पारंपरिक दरबारात बसण्याचा मान परंपरेने पुरुषांचाच राहिला. म्हणजे एका बाबतीत दिलेले दुसऱ्या बाबतीत काढून घेतले जाते. कोणत्याही एका देशाला स्त्रियांचा स्वर्ग म्हणून नावाजण्यासाठी हे उदाहरण घेतलेले नाही. रीत सर्वत्र सारखी नाही, एवढेच त्यावरून सिद्ध करावयाचे आहे.

तिसरी बुद्धी. जपानात इसवी सनाच्या दहाव्या-अकराव्या शतकांत विद्वानांची भाषा चिनी होती. शास्त्र, राजकारण, प्रौढ काव्य सर्व चिनी लिपीत. तो पुरुषांचा प्रांत. देशी बोलीसाठी जी सुटसुटीत अक्षरे तयार झाली त्यांना 'स्त्रीहस्त' अशा अर्थाचे नाव पडले. त्या अक्षरांना दुय्यम मानले जाई. इतके की की नो त्सुरायुकी या नामवंत कवीला इ. स. ९३५ च्या सुमारास देशी भाषेत प्रवासवर्णन लिहावेसे वाटले, तेव्हा त्याने ते एखाद्या स्त्रीने लिहिल्याची बतावणी केली. पुढे अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबू या स्त्रीने त्याच अक्षरांत 'गेन्जी मोनोगातारी' ही विस्तृत कथा लिहिली, आणि आज जपानी वाङ्मयाचा मुकुटमणी म्हणून तिचीच गणना होते. मुरासाकीने आपल्या दैनंदिनीत नमूद केले आहे की, भाऊ चिनी ग्रंथ शिकत असता ती ऐकून ऐकूनच त्याच्याआधी शिके, आणि ही मुलगा का झाली नाही म्हणून पिता खंत करी. बुद्धी होती ती प्रत्यक्ष दिसत होती. पण 'स्त्रीत्वा'च्या कल्पनेत तिला जागा नव्हती, म्हणून पित्याला तिचे दुःख झाले. दोष कल्पनेचा, दुःख मात्र कन्येच्या वाट्याचे.

अधिकाराचा प्रश्न

आता व्यवहार सोडून परमार्थाकडे येऊ. कारण लज्जा आणि घर यांच्या रीती भिन्न असणे सोसता येते. परंतु मोक्षाचे दार देशपरत्वे उघडे वा बंद असावे, हे विचारास पटणारे नाही.

वैदिक परंपरेत दोन्ही प्रवाह आढळतात. बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या सभेत गार्गी याज्ञवल्क्यांना दोन वेळा प्रश्न करते, आणि आपल्या दोन प्रश्नांना ती वीराने धनुष्याला लावलेल्या दोन बाणांची उपमा देते. त्याच उपनिषदात मैत्रेयी धन नाकारून अमृतत्वाचे साधन विचारते. हारीताच्या नावे उद्धृत होणाऱ्या वचनात स्त्रियांचे ब्रह्मवादिनी व सद्योवधू असे दोन वर्ग सांगून पहिलीस उपनयन आणि वेदाध्ययन सांगितले आहे. मनुस्मृतीत मात्र विवाह हाच स्त्रीचा उपनयनसंस्कार आणि पतिसेवा हाच तिचा गुरुकुलवास ठरतो. परंपरा एक, ग्रंथ मान्य, आणि तरीही स्त्रीची व्याख्या बदलली. जी गोष्ट एकाच परंपरेच्या पोटात बदलते, तिला निसर्गाचा नियम म्हणता येत नाही.

बौद्धांच्या विनयग्रंथात महाप्रजापती गौतमीची कथा आहे. तिची प्रव्रज्येची याचना प्रथम मान्य झाली नाही. मग आनंदाने प्रश्न असा केला की, गृहत्याग केल्यास स्त्री अर्हत्पद पावू शकते की नाही. उत्तर होकारार्थी आले, आणि याचना मान्य झाली. परंतु आठ गुरुधर्मांच्या अटीवर. त्यांतील पहिली अट अशी की, शंभर वर्षांची दीक्षित भिक्षुणीही त्याच दिवशी दीक्षा घेतलेल्या भिक्षूला वंदन करील. येथे योग्यता मान्य आहे, पण क्रम दुय्यम आहे. थेरीगाथा या ग्रंथात त्र्याहत्तर कवने त्या भिक्षुणींची म्हणून संग्रहीत आहेत. त्यांपैकी सोमा नावाच्या थेरीला मार असे हिणवतो की, दोन बोटांच्या बुद्धीची स्त्री ते ऋषींचे स्थान कशी गाठणार? दोन बोटांची म्हणजे शिजलेले शीत दोन बोटांत दाबून पाहणारी, असे टीकाकार सांगतात. सोमेच्या उत्तराचा आशय असा की, चित्त समाधानात स्थिर झाले आणि ज्ञान उगवले असता स्त्रीपण तेथे करणार काय? 'मी स्त्री' वा 'मी पुरुष' असे ज्याला वाटते त्यालाच माराने जाऊन सांगावे.

हे उत्तर असूनही पुढील इतिहास कष्टाचा आहे. लंकेतील भिक्षुणीसंघ सुमारे अकराव्या शतकात खंडित झाला. दीक्षा देण्यास भिक्षुणी लागते, आणि भिक्षुणीच उरली नाही, म्हणून दीक्षा नाही, असा पेच शतकानुशतके राहिला. सयामात १९२८ मध्ये तेथील संघप्रमुखांनी भिक्षूंना स्त्रियांना दीक्षा देण्यास मनाई केली. परंतु पाचव्या शतकात लंकेच्याच भिक्षुणींनी चीनमध्ये जाऊन ती दीक्षापरंपरा रुजविली होती. ती पूर्व आशियात टिकली, आणि तिच्याच आधारे १९९६ मध्ये सारनाथ येथे व १९९८ मध्ये बुद्धगयेस लंकेच्या स्त्रियांना पुन्हा पूर्ण दीक्षा देण्यात आली. २०२२ मध्ये भूतानमध्ये शंभराहून अधिक स्त्रियांना तशी दीक्षा मिळाली. परक्या देशी दिलेले बीज मूळच्या शेताला परत आले. तथापि या दीक्षा सर्व स्थविरांना मान्य झालेल्या नाहीत. वाद चालू आहे.

जैनांत हा विषय तर्कशास्त्राच्या पातळीवर गेला. श्वेतांबर परंपरा एकोणिसाव्या तीर्थंकर मल्ली या स्त्री होत्या असे मानते. दिगंबर परंपरेत ते मल्लिनाथ, म्हणजे पुरुष. श्वेतांबरांच्या कल्पसूत्रात महावीरांच्या संघात १४,००० साधू आणि ३६,००० साध्वी सांगितल्या आहेत. दिगंबर आचार्यांचे म्हणणे असे की, संपूर्ण अपरिग्रहास नग्नता आवश्यक, ती स्त्रीस शक्य नाही. म्हणून तिला त्याच देहाने मोक्ष नाही, पुढे पुरुषजन्म घेऊन आहे. त्यांची आणखी एक युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्त्री सातव्या नरकात जात नाही, हे दोन्ही पक्षांना मान्य होते. ज्याला पापाची पराकाष्ठा करता येत नाही त्याला पुण्याचीही करता येणार नाही, असे दिगंबरांनी त्यावरून अनुमान काढले. नवव्या शतकातील यापनीय आचार्य शाकटायन यांनी 'स्त्रीनिर्वाणप्रकरण' लिहून याचे खंडन केले. त्यांचा मुद्दा असा की, खाली किती उतरता येते आणि वर किती चढता येते यांत व्याप्तीच नाही. मग अनुमान कसले? विशेष म्हणजे यापनीय साधू स्वतः नग्न राहत असत. आपला आचार तसाच ठेवूनही स्त्रीचा अधिकार मान्य करता येतो, हे त्यांनी दाखविले. दिगंबर संघातही आर्यिकांना मोठा मान आहे, हे येथे सांगितले पाहिजे. वाद मानाचा नसून अंतिम अधिकाराचा आहे.

ख्रिस्ती धर्मात १९९४ हे एकच वर्ष पुरे बोलके आहे. त्या वर्षी मार्चमध्ये इंग्लंडच्या चर्चने ब्रिस्टल येथे प्रथमच ३२ स्त्रियांना पुरोहितपदाची दीक्षा दिली. त्याच वर्षी मे महिन्यात रोमचे पोप जॉन पॉल द्वितीय यांनी, स्त्रियांना ती दीक्षा देण्याचा अधिकारच चर्चला नाही, असे जाहीर केले. धर्मग्रंथ एकच, येशूविषयीची श्रद्धा एकच, आणि निर्णय परस्परविरुद्ध.

शुद्धी आणि अशुद्धी

आता चौथा मुद्दा, आणि तोच घराघरांतून सर्वांत जवळचा. मासिक धर्म हा निःसंशय देहधर्म आहे. त्याच्यात देशाने भेद होत नाही. पण त्याचा अर्थ मात्र देशोदेशी उलट लावला जातो.

ओडिशात ज्येष्ठाच्या अखेरीस, मिथुनसंक्रांतीच्या सुमारास, रज नावाचा सण तीन दिवस पाळतात. भूमी रजस्वला आहे असे मानून नांगर थांबतो, मुली नवी वस्त्रे लेऊन झोपाळ्यावर बसतात. आसामात कामाख्या येथे आषाढात अंबुवाची पाळतात. देवी रजस्वला म्हणून मंदिर तीन दिवस बंद, आणि पुढे दर्शनास लोटणारी गर्दी अपार. अमेरिकेतील अपाची लोकांत कन्या ऋतुमती झाली असता चार दिवसांचा मोठा उत्सव होतो आणि त्या काळात तिला आदिमातेचे रूप मानतात. याच्या अगदी उलट नेपाळच्या पश्चिम भागात छाउपडी नावाची रूढी आहे. त्या दिवसांत स्त्रीला घराबाहेर गोठ्यात वा लहानशा झोपडीत राहावे लागते. थंडीने, धुराने कोंडून आणि सर्पदंशाने तेथे स्त्रिया व मुली मृत्यू पावल्या आहेत. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ही रूढी थांबविण्याचा आदेश दिला, आणि २०१७ च्या कायद्याने तसे करावयास लावणाऱ्यास तीन महिने कैद वा तीन हजार रुपये दंड ठरविला. दूर कशाला, आपल्या गडचिरोली जिल्ह्यातील कुर्माघर हे त्याच जातीचे आहे.

येथे एक सूक्ष्म गोष्ट पाहावी. भूमीचे वा देवीचे रज पूज्य मानणाऱ्या प्रांतांतही घरातील स्त्रीला त्या दिवसांत पूजेपासून, स्वयंपाकापासून दूर ठेवण्याची चाल आढळते. देवीचे ते पवित्र आणि सुनेचे ते अपवित्र! म्हणून स्तुती झाली की अन्याय संपला, असे समजू नये. निंदा करणारा आणि पूजा करणारा दोघेही एकाच ठिकाणी चुकतात. देहाच्या एका साध्या धर्मावर ते देहापलीकडचा अर्थ लादतात. एकाने लादलेला अर्थ जड, दुसऱ्याने लादलेला गोड; पण ओझे दोन्हींकडे स्त्रीच्याच डोक्यावर.

सर्वज्ञांचा निर्णय

या पार्श्वभूमीवर सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचा निर्णय पाहिला म्हणजे त्याचे वेगळेपण ध्यानात येते. तेराव्या शतकातील महाराष्ट्रात, व्रतवैकल्यांच्या आणि सोवळ्याओवळ्याच्या दाट वातावरणात, विटाळाचा प्रश्न त्यांच्यासमोर आला. लीळाचरित्रात त्याचे जे निरूपण आहे त्याचा आशय असा की, देहाला नऊ द्वारे आहेत. नाकातून, डोळ्यांतून, कानांतून मळ येतो, तशीच ही एक धातू स्रवते आणि पुढे थांबते. तिचा विटाळ मानू नये. सर्वज्ञांनी येथे त्या धर्माला हीन म्हटले नाही, आणि दिव्यही म्हटले नाही. त्याला देहाच्या इतर धर्मांच्या पंक्तीला बसविले. आधी पाहिलेल्या दोन्ही टोकांच्या मधून हा निर्णय जातो, आणि म्हणूनच तो टिकाऊ आहे.

दुसरा निर्णय अधिकाराचा. स्त्रियांना कमी लेखणाऱ्यास सर्वज्ञांनी जीव आणि देव या शब्दांचीच लघुत्वदर्शक स्त्रीलिंगी रूपे बनवून विचारले: तुम्ही तेवढे जीव, आणि या काय त्याहून कोणी वेगळ्या? तुमचा देव एक, आणि यांचा काय दुसरा, धाकटा? लेखाच्या आरंभी व्याकरणातील लिंगाचा विचार केला तो यासाठीच. शब्दाला प्रत्यय लावून स्त्रीलिंग करता येते. जीवाला प्रत्यय लागत नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांच्या चौकटीत पाहिले, तर स्त्रीपुरुषभेद ज्या देहाच्या ठायी दिसतो तो देह प्रपंचाकडचा. अविद्येने बद्ध आहे तो जीव, आणि उद्धरण व्हावयाचे तेही जीवाचे. मग प्रपंचाकडचा भेद जीवाच्या अधिकारास आड कसा येईल?

हा निर्णय केवळ वादात राहिला नाही. बाइसा, महदाइसा, आबाइसा, उमाइसा यांची नावे लीळाचरित्राच्या पानोपानी आहेत. महदाइसा तर सदैव काही ना काही विचारीतच असते, अशी सर्वज्ञांनी तिची प्रशंसा केली आहे. बालवैधव्य आलेल्या ज्या स्त्रीला त्या काळच्या समाजाने कोपऱ्यात बसविले असते, तिच्या प्रश्नांमुळे किती निरूपणे आपल्यापर्यंत पोचली, याचा विचार अभ्यासकांनी करावा. ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी विवाहप्रसंगाची गीते तिनेच गायिली. तिचे धवळे मराठीतील स्त्रीरचनेचे आद्य लेणे ठरले.

तिसरी गोष्ट भाषेची. स्मृतिस्थळात सांगितले आहे की, केशिराजव्यास संस्कृतात रचना करू इच्छीत असता भटोबासांनी त्यांना थांबविले; तसे केल्यास आपल्या म्हाताऱ्या बाया ज्ञानास मुकतील, हे त्याचे कारण. जपानात विद्वानांची भाषा पुरुषांची राहिली आणि स्त्रियांच्या वाट्याला देशी अक्षरे आली. येथे आचार्यांनी शास्त्रच देशी भाषेत ठेवले, आणि तेही मार्गातील सर्वांत निरक्षर, सर्वांत वृद्ध स्त्री डोळ्यांपुढे ठेवून. अधिकार दिला म्हणून सांगणे सोपे. तो घेता येईल अशी भाषा राखणे कठीण. भटोबासांनी कठीण ते केले.

शंका आणि समाधान

येथे काही शंका संभवतात. पहिली अशी की, सर्वच देशाचार ठरले तर स्त्रीत्व म्हणून काही उरतच नाही काय? समाधान असे की, गर्भधारण, प्रसूती, स्तन्य हे देहधर्म उरतात, आणि त्यांची काळजी घेणे हे सर्वांचे कर्तव्य उरते. ज्या दिवसांत देहाला विश्रांती हवी त्या दिवसांत ती अवश्य द्यावी. पण विश्रांती देणे वेगळे आणि अस्पर्श करणे वेगळे. पहिल्यात देहाची कणव आहे, दुसऱ्यात जीवाचा अपमान आहे.

दुसरी शंका अधिक अवघड आहे. पुरुष साधकाने चित्रातील स्त्रीकडेही पाहू नये, अशा आशयाचे वचन आचारप्रकरणात आहेच. मग स्त्री ही हेयच ठरली, असे कोणी म्हणेल. परंतु वचनाचा शब्दच येथे उत्तर देतो. चित्रात स्त्री नसते. असतो तो रंग आणि भिंत. रंगात व भिंतीत स्त्रीस्वभावाचा दोष कोठून येणार? मग तेथे जो दोष टाळावयास सांगितला तो पाहणाऱ्याच्या विकाराचा होय. वचन साधकाच्या डोळ्याविषयी आहे; स्त्रीच्या योग्यतेविषयी त्यात एक अक्षर नाही. याच न्यायाने साधिकेसही पुरुषरूपाविषयी तेच पथ्य. पथ्य रोग्याला सांगतात. वर्ज्य सांगितलेल्या पदार्थाला त्यामुळे निंदा चिकटत नाही. जो साधक हे वचन सांगून तपस्विनींना कमी लेखतो, तो आपल्या रोगाचा दोष दुसऱ्याच्या माथी मारतो.

तिसरी शंका अशी की, देशाचार देशाचार म्हणून सोडावा तर लोकांत राहणे कठीण होते. हे खरे आहे. वेषाची, बोलण्याचालण्याची मर्यादा ज्या देशी राहावे तेथील पाळण्यास हरकत नाही. तुआरेगाने मुख झाकावे, खासी कन्येने घर राखावे. परंतु ज्या आचाराने कोणाचे ज्ञान, नामस्मरण वा देवदर्शन तुटते, तो आचार लोकांचा असला तरी साधकाने आपल्या घरी आणू नये.

आचरणाकडे

एवढ्या विवेचनाचे तात्पर्य आपल्या घरी आणि आश्रमी काय, ते सांगून लेख पुरा करतो. सर्वज्ञांचा निर्णय असा स्पष्ट असूनही, उपदेश घेतलेल्या वासनिकांच्या काही घरी अद्याप त्या चार दिवसांत सुनेस पोथीला हात लावू देत नाहीत. विचारले असता 'शेजारी काय म्हणतील' असे उत्तर येते. पोथीत जे लिहिले आहे तेच पाळण्याच्या भीतीने पोथी दूर ठेवावी, याहून मोठा विसंवाद कोणता? ज्या मुलीला आज आईने पोथीपासून दूर बसविले, ती उद्या आपल्या मुलीला तसेच बसवील, आणि सातशे वर्षांपूर्वी दिलेला निर्णय आपल्याच उंबरठ्यावर अडेल. म्हणून गृहस्थांनी सुनेमुलींना ती लीळा वाचून दाखवावी. किंबहुना त्यांच्याकडूनच वाचून घ्यावी, आणि नेमक्या त्या दिवसांत वाचून घ्यावी.

आश्रमीच्या मंडळींनीही पाहावे. तपस्विनींचा दिवस केवळ स्वयंपाक, झाडलोट आणि सेवा यांतच जातो, की त्यांना सूत्रपाठ आणि निरूपण यांसाठी पुरुष साधकांइतका वेळ मिळतो? महदाइसेसारखी सदैव विचारणारी एखादी आज आश्रमी आली, तर तिच्या प्रश्नास उत्तर मिळेल, की फार विचारते म्हणून तिला गप्प केले जाईल? परंपरा स्त्रियांची स्तुती किती करते यावरून तिची परीक्षा होत नाही. तिच्यात स्त्रीच्या प्रश्नाला जागा किती, तिला कळेल अशी भाषा किती, आणि तिच्या हाती ग्रंथ किती, यांवरून होते. या तिन्ही कसोट्या आपल्या पूर्वाचार्यांनी उतरून दाखविल्या आहेत. आपण त्यांना कितपत उतरतो ते ज्याने त्याने आपल्या आश्रमात आणि आपल्या घरी पाहावे.

विवेचनात काही न्यून राहिले असल्यास अधिकारी विचारवंतांनी ते पूर्ण करावे, ही विनंती. सर्व साधक-साधिकांना व वासनिक बंधुभगिनींना दंडवत प्रणाम.